कऱ्हाडातला ऱ आणि अकरा ओळींची यादी

आमच्या गावाचं नाव दोन तऱ्हांनी लिहितात. एसटीच्या पाटीवर 'कराड', आणि जुन्या पत्रिकांवर, काही वर्तमानपत्रांत 'कऱ्हाड'. आमचं डीटीपी-झेरॉक्सचं दुकान आहे. पत्रिका करायला आलेली म्हातारी माणसं अजूनही बजावतात, "कऱ्हाडच टाका हं, कराड नको." त्यामुळे नवा फॉन्ट असो, नवं सॉफ्टवेअर असो की कामाला आलेला नवा मुलगा, मी आधी हा एक शब्द लिहून घेते. तो अर्धा ऱ नीट वळला की मग पुढचं बोलायचं.

2025 चा दसरा झाला आणि काउंटरवरच्या जुन्या कॉम्प्युटरवर सूचना यायला लागली, की 14 ऑक्टोबरनंतर विंडोज 10 चे अपडेट थांबणार. मी चार दिवस 'नंतर आठवण करा' दाबत राहिले. पाचव्या दिवशी अण्णांनी, म्हणजे सासऱ्यांनी, चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "अगं, हे बंद पडणार म्हणतंय का?"

बंद पडणार नव्हतं. चालत होतं तसंच चालत राहणार होतं, फक्त त्यात नवी भोकं सापडली तर बुजवायला कुणी येणार नव्हतं. एरवी मी तेही मनावर घेतलं नसतं. पण आमच्याकडे लोक आधार कार्ड, सातबारा, पासबुक घेऊन येतात, स्कॅन करून ठेवा म्हणतात, आणि ते सगळं त्याच डब्यातून जातं. दुसऱ्याचे कागद सांभाळायचे तर कडी-कोयंडा नीट हवाच.

त्या डब्यावर विंडोज 11 चढणं शक्य नव्हतं. तो 2011 चा. अकराला टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची चिप लागते, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. आमचा दुसऱ्या पिढीचा. आला तेव्हा त्यावर विंडोज 7 होम बेसिक होतं. आपल्यासारख्या देशांत विकायला काढलेली ती स्वस्तातली आवृत्ती. खिडक्यांच्या कडांना काचेसारखी झाक असायची ती वरच्या आवृत्त्यांना, आम्हाला साध्या कडा. त्याहून खालची एक स्टार्टर म्हणून होती, माझ्या माहेरी भावाच्या छोट्या लॅपटॉपवर. तिच्यात डेस्कटॉपवरचं चित्रही बदलता यायचं नाही. आई म्हणायची, "एवढा कॉम्प्युटर घेतलास आणि त्यावर गणपती लागत नाही?"

2016 मध्ये फुकट चढवून मिळत होतं तेव्हा आम्ही जुन्यावर विंडोज 10 चढवलं. तेही 32 बिटचं, म्हणजे 64 बिटच्या आधीच्या जुन्या बेताचं. मुद्दाम. मशीनमध्ये 4 जीबी रॅम बसवलेली आणि त्यातली सव्वातीनच्या आसपासच वापरात यायची, हे दिसत असूनही. कारण डोंगल.

डीटीपीवाल्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. युनिकोड, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर सारखंच वाचता येणारं मराठी, घरोघरी पोचायच्या आधी मराठी टायपिंगची सॉफ्टवेअरं विकत घ्यावी लागायची, आणि त्यांच्याबरोबर एक कुलूप यायचं. पेनड्राइव्हसारखं दिसणारं. ते मागे खोचलेलं असेल तरच सॉफ्टवेअर उघडणार. आमचं हिरवं आहे, टोपण केव्हाच हरवलं, आणि सीपीयूच्या मागे कुणी ओढू नये म्हणून अण्णांनी ते जखमेवर लावायच्या चिकटपट्टीने गुंडाळून ठेवलंय. त्याच्या सीडीत जो ड्रायव्हर आहे तो 32 बिटचा. 64 बिटच्या विंडोजवर 32 बिटचे साधे प्रोग्रॅम चालतात, पण ड्रायव्हर चालत नाही. आणि विंडोज 11 मध्ये 32 बिट असा प्रकारच ठेवलेला नाही. म्हणजे विंडोजची साधी होम आवृत्ती घ्यायची की महाग प्रो, या प्रश्नाच्या आधी माझ्यापुढे हा हिरवा तुकडा होता. जाहिरातीतल्या कुठल्याही तक्त्यात त्याचा रकाना नव्हता.

दुकानदाराकडे गेले. ओळखीचा माणूस, आमची शाई-टोनर तिथूनच येते, म्हणून नाव घेत नाही. आत त्याचा पोरगा जुळवून तयार केलेल्या एका मशीनवर विंडोज मारत बसला होता. पडद्यावर यादी होती. होम, होम एन, होम सिंगल लँग्वेज, एज्युकेशन, एज्युकेशन एन, प्रो, प्रो एन, प्रो एज्युकेशन, त्याचं एन, प्रो फॉर वर्कस्टेशन्स, त्याचंही एन. मोजल्या. अकरा ओळी.

"हे एन काय रे?"

"ते काय असतं वहिनी माहीत नाही. आपण त्याला हात लावत नाही."

एन म्हणजे युरोपसाठी काढलेल्या आवृत्त्या, हे मला नंतर भाच्याने सांगितलं. 2004 मध्ये युरोपियन कमिशनने निकाल दिला की विंडोजच्या गळ्यात मीडिया प्लेयर बांधून विकू नका. तेव्हापासून तिकडे त्याशिवायची प्रतही ठेवतात. कऱ्हाडात त्याचा उपयोग शून्य, पण ओळ आपली यादीत असते.

एका पेनड्राइव्हमध्ये अकरा आवृत्त्या कशा मावतात, हे मात्र माझ्या डोक्यात घोळत राहिलं. अण्णांना घरी येऊन सांगितलं. त्यांनी छापखान्यात उमेदीची सगळी वर्षं खिळे जुळवले, त्यामुळे आवृत्ती म्हटलं की त्यांना पुस्तक दिसतं. ते म्हणाले, "म्हणजे पहिली संपली की दुसरी." तसं नाही. दहा आणि अकरा हे तसं. पण होम आणि प्रो हे एकाच छपाईतलं पुस्तक आहे, फक्त होमच्या प्रतीत शेवटचे दोन फॉर्म, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, शिवलेले असूनही कापलेले नाहीत. पानं आत आहेत, उघडत नाहीत. प्रोची किल्ली टाकली की मशीन पुन्हा सुरू होतं आणि ती पानं सुटी होतात, नव्याने सगळं भरावं लागत नाही. अण्णांना हे लगेच कळलं. "चाकूचे पैसे घेतात म्हण की," ते म्हणाले.

दुकानदाराने दाखवलेला डबा कंपनीचा होता: बाराव्या पिढीचा आय-थ्री, 8 जीबी रॅम, 512 जीबीची एसएसडी. खोक्यावर लिहिलेलं, विंडोज 11 होम सिंगल लँग्वेज. तो म्हणाला, "वहिनी, तुमचं काम मराठीचं. यात एकच भाषा चालते, इंग्रजी. मराठी पाहिजे तर प्रोच घ्यावं लागेल. साडेआठ हजार वरचे."

माझं तोंड उतरलं असणार, कारण त्याने लगेच आवाज खाली आणला. "नायतर हेच घ्या, मी प्रो मारून देतो. त्याचे काही देऊ नका."

हा दुसरा रस्ता मला ठाऊक होता. मागे एकदा एका ऑनलाइन विक्रेत्याकडून साडेसहाशे रुपयांत प्रोची किल्ली घेतली होती. सात महिने बरं चाललं. मग उजव्या कोपऱ्यात खाली फिकट अक्षरं उमटली, विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करा म्हणून. मोठ्या कंपनीला शंभर मशीनसाठी दिलेली किल्ली कुणीतरी सुटी करून विकत होता, आणि ती वरून बंद झाली. विक्रेत्याचा फोन लागेना. त्या फिकट अक्षरांवर आम्ही पूर्ण लग्नसराई काढली. एका वरपित्याला पत्रिकेचा नमुना पडद्यावर दाखवत होते, त्यांनी कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे पण छापून येणार का?" तेव्हाच ठरवलं होतं की पुन्हा असलं काही नको.

सिंगल लँग्वेजचं मात्र मला पटत नव्हतं. मी म्हटलं, हा डबा इथेच लावा, मला एक शब्द लिहायचाय. तो जरा चिडला, पण लावला. शोकेसमधलाच होता, चालू करून ठेवलेला. सेटिंग्जमध्ये वेळ आणि भाषा असा भाग आहे, तिथे भाषा वाढवायची सोय. मराठी निवडली, दुकानाच्या वायफायवर दोन-तीन मिनिटं गेली. मग नोटपॅड उघडलं, विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकदम दाबून कीबोर्ड मराठी केला. इनस्क्रिप्ट नावाच्या कीबोर्डच्या मांडणीत के दाबलं की क. शिफ्ट धरून जे, की ऱ. डी म्हणजे पाय मोडायचा. यू म्हणजे ह. ई म्हणजे काना. आणि चौकटी कंस उघडायच्या बटणावर ड.

कऱ्हाड.

शिफ्ट विसरून नुसतं जे दाबलं असतं तर साधा र आला असता, आणि पाय मोडल्यावर त्याचा रफार होऊन ह च्या डोक्यावर बसला असता. सगळी गंमत त्या एका शिफ्टमध्ये आहे. अर्धा ऱ वळला, ह ला चिकटला, पापणीसारखा. दुकानदाराचा पोरगा वाकून बघत होता. "पप्पा, लिहितंय की मराठी."

एक भाषा चालते याचा अर्थ एवढाच, की मेनू, बटणं, सूचना या एकाच भाषेत राहतील. त्या बदलून मराठी किंवा हिंदी करू पाहिलं तर तुमच्या परवान्यात एकच भाषा आहे असं सांगतं. टायपिंग कितीही भाषांत करा. मला मेनू मराठीत नकोच होते. वीस वर्षं फाइल आणि एडिट बघितलेल्या बाईला तिथे दुसरं काही दिसलं तर तिचाच हात थांबतो. दुकानदार मुद्दाम फसवत होता असं मला वाटत नाही. खोक्यावरचं वाचून त्याने जो अर्थ लावला तोच मीही लावला होता.

तरी प्रोचा मोह एकदम गेला नाही. साडेआठ हजारांत काय येतं ते बघायला रात्री पुण्याच्या भाच्याला फोन लावला. तो एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि त्याला वाटतं मामीचं दुकान म्हणजे त्याची प्रयोगशाळा.

"मामी, तुला घरून दुकानाच्या कॉम्प्युटरवर बसायचंय का?"

बसायचं होतं. रात्री स्वयंपाक आवरल्यावर एखादं प्रूफ बघता आलं तर बरंच. त्यासाठीचं रिमोट डेस्कटॉप होममध्ये अर्धवट आहे: होमवाल्याला दुसऱ्याच्या घरी जाता येतं, पण आपल्या घरी कुणाला घेता येत नाही. दुकानातली मशीन होम असेल तर घरून तिच्यात शिरता येणार नाही. पण तेच काम करणारी वेगळी सॉफ्टवेअरं मिळतात, आणि खरं सांगायचं तर रात्री साडेदहाला मी प्रूफ बघणार नाही, मालिका बघणार, हे मला त्या फोनवरच कळलं.

दुसरं, अपडेट आपल्या सोयीने पुढे ढकलणं. प्रोमध्ये ग्रुप पॉलिसी म्हणून भाग आहे, त्यातून वर्षात येणारा मोठा बदल 365 दिवसांपर्यंत लांबवता येतो. होममध्ये ग्रुप पॉलिसी नाही, पण पाच आठवड्यांपर्यंत थांबवायचं बटण आहे. आमची ऐन घाई एप्रिल-मेमध्ये. पाच आठवडे चालतात.

तिसरं, प्रिंटर. दुकानदार म्हणाला होता की होममधून प्रिंटर दोन मशीनला वाटता येत नाही. हे साफ चूक. होममध्ये येत नाही ते कचेऱ्यांतलं डोमेन, जिथे शंभर मशीन एका सर्व्हरच्या आज्ञेत असतात. आमच्या दोन मशीन आणि एक प्रिंटर याला डोमेन म्हणायचं तर आमच्या गल्लीला महानगर म्हणावं लागेल.

"मग होमच घे की. आणि जुन्यावर मी मिंट टाकतो," भाचा म्हणाला. शनिवारी आलाच, पेनड्राइव्ह घेऊन. लिनक्स मिंट 22, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटची प्रणाली, तीही तीन तऱ्हांत मिळते: सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई. जुन्या मशीनला हलकी म्हणून त्याने तिसरी आणलेली. डिस्कला हात न लावता नुसत्या पेनड्राइव्हवरून सुरू केली. खरंच, 2011 चा डबा तासभर चपळ झाला. कऱ्हाड लिहिलं, एका फटक्यात बरोबर. मग मी हिरवं डोंगल खोचलं. त्याचा दिवा लागला, बाकी काही नाही. मिंटवर ते सॉफ्टवेअरच नाही तर कुलपाचं काय करणार! भाचा हिरमुसला. मी त्याला थालीपीठ वाढलं.

होम सिंगल लँग्वेज घरी आलं ते धनत्रयोदशीला. सुरू करताना त्या डब्याने आवृत्ती विचारलीच नाही. कंपनीच्या मशीनमध्ये किल्ली मदरबोर्डातच लिहिलेली असते, त्यामुळे ती अकरा ओळींची यादी समोर येत नाही. त्याने विचारलं ते इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचं खातं. अण्णा म्हणाले, "आपलाच कॉम्प्युटर सुरू करायला त्यांचं खातं कशाला?" मी दुकानाच्या नावाने नवा ईमेल काढला आणि तो दिला. स्वतःचा दिला असता तर माझे नातेवाइकांचे फोटो काउंटरवर दिसले असते.

खात्याबरोबर आणखी एक गोष्ट आपोआप झाली, ती मला भाच्याने सांगितली म्हणून कळली. डिस्कवरचं सगळं कूटबद्ध झालं होतं. प्रोमध्ये त्याला बिटलॉकर म्हणतात आणि त्यात बरंच काही आपल्या हातात असतं. होममध्ये त्याचंच साधं रूप येतं, नुसतं चालू किंवा बंद. चोराने मशीन उचलून नेली तरी लोकांची आधार कार्डं त्याच्या हाती लागणार नाहीत, म्हणजे माझ्या कामाचंच. पण उद्या मदरबोर्ड बदलला किंवा आत काही मोठी उलथापालथ झाली, तर ते मलाच परकी समजून 48 अंकांची किल्ली मागू शकतं. ती खात्यात साठलेली असते. खातं मी चालवणार, पासवर्ड मी विसरणार, हे घरात सगळ्यांना माहीत. म्हणून सहा-सहाच्या आठ गटांचे ते अंक मी मोठ्याने वाचले आणि अण्णांनी रोजमेळाच्या शेवटच्या पानावर उतरवले. मग त्यांनी वाचले आणि मी पडद्याशी ताडून पाहिले. पाचव्या गटात त्यांचा 1 मला 9 वाटला. तो खोडून पुन्हा लिहिला. रोजमेळ शॉप अ‍ॅक्टच्या कागदाबरोबर कपाटात.

नव्या मशीनवर रेमिंग्टन, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या मांडणीच्या कीबोर्डाने युनिकोड टाइप करून देणारं एक छोटं सॉफ्टवेअर भाच्याने टाकलं, कारण आमच्या टायपिंगच्या ताईंची बोटं रेमिंग्टनवर बसलेली आहेत आणि विंडोजबरोबर मराठीला इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक एवढंच मिळतं. ताईंनी दोन दिवस नाक मुरडलं, तिसऱ्या दिवशी काही बोलल्या नाहीत. ताईंच्या बाबतीत याला पसंती म्हणतात.

राहिल्या जुन्या फाइली. सोळा-सतरा वर्षांच्या पत्रिका, अहवाल, पतसंस्थांची पत्रकं, मंडळांच्या स्मरणिका, सगळं पेजमेकर या पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये. पेजमेकर 7 हे 2001 सालचं, त्याच्यापुढे ते निघालंच नाही आणि त्याला युनिकोड कळत नाही. त्यातलं मराठी हे खरं मराठी नाहीच. आत इंग्रजी अक्षरं, टोप्या घातलेले ए, डॉलर, उलटी प्रश्नचिन्हं भरलेली, आणि त्यांच्यावर मराठी चित्रांचा फॉन्ट पांघरलेला. नव्या मशीनवर अशी एक फाइल घेतली तर नवरदेवाचं नाव शिवीसारखं दिसायला लागलं. फॉन्टची फाइल नेऊन टाकली तेव्हा ते माणसात आलं. म्हणजे बघायला आणि छापायला फॉन्ट पुरतो, डोंगल लागतं ते फक्त त्या पद्धतीने टाइप करायला. हे मला इतकी वर्षं दुकान चालवून त्या दिवशी कळलं.

जुनी मशीन मग ठेवलीच. आणखी वर्षभर, 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत, विंडोज 10 चे सुरक्षा अपडेट वाढवून घ्यायची सोय आहे, मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर पैसेही पडत नाहीत. ती मी बघितली आणि सोडली. वर्षाने पुन्हा हाच पाढा म्हणायचा होता. त्याऐवजी नेटची वायर काढून अण्णांनी तिची गुंडाळी केली आणि खिळ्याला टांगली. पण नेट काढलं म्हणजे सोवळं झालं असं नाही. आमच्या धंद्यात रोग येतो तो गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हमधून. शॉर्टकट व्हायरस ज्याने पाहिला नाही तो डीटीपीवाला नव्हे. म्हणून नियम केला: बाहेरचा पेनड्राइव्ह लागेल तो फक्त नव्याला, आणि दोन मशीनमध्ये ये-जा करणार एकच, लाल दोरा बांधलेला. नवऱ्याने पहिल्याच आठवड्यात तो दुचाकीच्या किल्लीला अडकवून सातारला नेला, पण आता जमलंय.

जुन्या मजकुराचं युनिकोड करून देणारे कन्व्हर्टर मिळतात. चांगले आहेत, पण आमच्या फॉन्टमधला अर्धा ऱ त्यांना उमगत नाही. 2009 ची एक स्मरणिका टाकून पाहिली: वाऱ्यावरचा ऱ गेला, सुऱ्या बोथट झाल्या, आणि गावाचं नाव पानापानावर 'कर्हाड'. सगळीकडे एकदम बदल करून टाकावं तर तसं करता येत नाही, कारण सूर्याचा रफार बरोबरच असतो.

म्हणून दुपारी गिऱ्हाईक नसलं की अण्णा जुन्या मशीनपुढे बसतात, मी नव्यापुढे. ते मूळ फाइल उघडून वाचतात, मी माझ्या पडद्यावर रफार उतरवून ऱ ला पापणी लावते. पूर्वी प्रेसमध्ये दोघं प्रूफ वाचायचे तसंच. 2009 आणि 2010 झालं. 2011 मध्ये एका पतसंस्थेचा अहवाल आहे, नव्वद पानांचा, आणि त्या पतसंस्थेच्या नावातच कऱ्हाड आहे.